ट्रेलर ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तापमान कुठून आणि कसे मोजावे?

गिरणाकाठ (भडगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा गिअरच्या ऑटोमॅटिक पिकअपवर बांधून घेतलेली कॅम्पर गाडी आहे. मागच्या घरात चौघांची झोपण्याची सोय, छोटा ओटा आणि १०० लिटर पाण्याची टाकी आहे, आणि लांबच्या प्रवासाला दोन मोटारसायकली ठेवलेला दोनचाकी ट्रेलर मागे जोडतो. एप्रिलच्या अखेरीस भर दुपारी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत असताना पुढे एक भरलेला टेम्पो रखडत चालला होता. त्याच्यामागे पंधरा-वीसच्या वेगाने चढता चढता गिअरबॉक्सचे ऑइल तापल्याचा दिवा लागला. नवल म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा काटा तेव्हाही नेहमीसारखा मध्यावरच होता. मी गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद केले आणि अर्ध्या तासाने दिवा विझल्यावर पुढे निघालो. सर्व्हिस सेंटरने (नाव मुद्दाम लिहीत नाही) ‘घाटात असे होतेच’ एवढ्यावर बोळवण केली.

दिवा लागेपर्यंत वाट न पाहता आकडा डोळ्यांसमोर असावा, अशी माझी इच्छा आहे. गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारे ओबीडीचे ब्लूटूथ उपकरण घेतले, परंतु अ‍ॅपमध्ये गिअरबॉक्सच्या तापमानाची चौकट कधी रिकामी राहते, तर कधी २०० च्या पुढचे काहीतरी दाखवते. नेमका कोणता आकडा धोक्याचा समजावा, आणि स्वतंत्र सेन्सर बसवायचा झाल्यास तो कुठे बसवावा?

लळिंगकर (धुळे)

भाऊ, इंजिनाचा काटा हा पाण्याचे तापमान सांगतो, गिअरबॉक्सच्या तेलाचे नव्हे. शिवाय बहुतेक नव्या गाड्यांत तो काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर घाट चढू नये.

उष्णता कुठून येते, हे समजले की पुढचे सोपे होते. इंजिन आणि गिअर यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून चाकांकडे जाते. दोन्ही बाजूंच्या फिरण्याच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद वाया जाऊन तेल तापते. वेग पुरेसा असला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींशी पक्क्या जोडतो आणि ही घसरण थांबते. तुम्ही टेम्पोच्या मागे पंधराच्या वेगाने, ट्रेलरचे वजन घेऊन, अर्धा पाय दाबून चढत होतात. त्या वेगाला लॉक-अप बहुधा उघडाच राहिला असणार, आणि घाटभर तुमचे डिझेल गिअरबॉक्सचे तेल उकळण्यात खर्च झाले. म्हणून गिअरचा दांडा ‘डी’वर (आपोआप गिअर बदलण्यावर) सोडून न देता गाडी हाताने दुसऱ्या किंवा तिसऱ्यात धरावी आणि टेम्पोला चिकटून न चालता अंतर सोडावे, म्हणजे गाडी सलग चालते.

एक चूक मात्र तुमच्याकडून झाली. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद केले की तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारे तेलही थांबते. अशा वेळी सपाट जागी थांबून ‘पार्क’मध्ये टाकावे, हँडब्रेक ओढावा, एसी बंद करावा आणि इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर चालू ठेवावे. आकडा खाली येताना दिसतो.

बोरीकाठ (अमळनेर)

थोरल्या भावाच्या मोटरहोममधून अमेरिकेत काही महिने फिरलो आहे. तो मागे छोटी कार जोडून ओढतो, आणि तिकडे अशा गाडीत गिअरबॉक्सच्या तापमानाचा वेगळा गेज असणे ही नित्याची गोष्ट आहे. तिकडचे आकडे वाचताना पहिली अडचण फॅरेनहाइटची येते. तुम्हाला दिसलेले ‘२००’ हे कदाचित तेच असेल, कारण २०० फॅरेनहाइट म्हणजे ९३ सेल्सिअस, म्हणजे अगदी साधे चालतानाचे तापमान.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची अडचण जागेची आहे. मोठ्या मोटरहोममध्ये सहसा अ‍ॅलिसन या कंपनीचे गिअरबॉक्स असतात. त्यांच्यासाठी चेंबरमधल्या (गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यातल्या) तेलाची वरची मर्यादा सुमारे १२१ सेल्सिअस धरतात, तर कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाची सुमारे १४९. गिअरबॉक्स तोच, तेलही तेच, पण मोजण्याची जागा बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो. सेन्सर कन्व्हर्टरनंतरच्या, कूलरकडे जाणाऱ्या नळीत बसवला तर चढ लागताच आकडा उसळतो आणि माणूस उगाच घाबरतो. कूलरकडून परतणाऱ्या नळीत बसवला तर कूलर किती काम करतो एवढेच कळते. चेंबरमधला आकडा सावकाश हलतो, परंतु क्लचप्लेटी ज्या तेलात चालतात त्याची खरी स्थिती तोच सांगतो, आणि गाडीचा मूळ सेन्सरही बहुधा तिथेच असतो. तुमच्या जागी मी चेंबरमध्ये ९५ पर्यंत निर्धास्त राहीन, ११० च्या पुढे गिअर आणि वेग बदलेन आणि १२० ला थांबेन.

तिकडे एक जुना ठोकताळा सांगतात. ८० सेल्सिअसच्या वर दर ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. आजच्या सिंथेटिक तेलाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, तरी १२० वर नियमित चढणाऱ्याने तेल लवकर बदलावे हे त्यातून कळते.

अ‍ॅपविषयी सांगायचे तर, ओबीडीच्या सर्वसाधारण संकेतांमधून (कोडमधून) हे तापमान सहसा मिळत नाही. प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा असतो आणि तो अ‍ॅपमध्ये आपल्याला भरावा लागतो. तो बरोबर आहे का, हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवून आकडा वाचणे. तेल, इंजिनाचे पाणी आणि बाहेरची हवा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत.

केळीवाला (रावेर)

वरील दोघांशी सहमत आहे, पण आपल्याकडचा उन्हाळा हिशेबात धरा. ४४-४५ अंशांची हवा आधी एसीच्या कंडेन्सरमधून तापते आणि मग कूलरला लागते. रेडिएटरच्या टाकीत बसवलेला कूलर तर तेलाला इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाखाली आणूच शकत नाही. म्हणून मी वेगळा हवेचा कूलर लावला, तोही स्वतंत्र पंख्यासह, कारण पंधराच्या वेगाला समोरून वारा येतोच कुठे? कापसाच्या हंगामात जाळी उघडून पाहिली तेव्हा पत्र्यांत तंतूंचा नमदा बसलेला होता.

लळिंगकर (धुळे)

पंखा-कूलर नंतर. आधी पाण्याची टाकी भरून, सगळ्यांना बसवून, ट्रेलरसकट भुईकाट्यावर वजन करा आणि पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहा. वजन जास्त असताना कूलर लावणे म्हणजे दिवा उशिरा लावून घेणे.

गिरणाकाठ (भडगाव)

लळिंगकर काका, भुईकाट्याने डोळे उघडले. गाडी आणि ट्रेलर मिळून पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा १८० किलो जास्त निघाले. आता टाकी मुक्कामाच्या गावी भरतो आणि एक मोटारसायकल घरी ठेवतो. योग्य संकेत भरल्यावर पहाटे तेल २७ आणि पाणी २८ दिसले, त्यामुळे आकड्यावर विश्वास बसला. सुरतेहून परतताना विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट सकाळी नऊला चढलो. सपाटीवर ९१ होते, ‘डी’मध्ये निम्म्या चढावर १०७ झाले आणि हाताने तिसऱ्यात धरल्यावर माथ्यापर्यंत १०० वर टिकले. जुने तेल काढून पाहिले तर ते काळपट आणि करपल्या वासाचे होते, म्हणून बदलून घेतले. कूलरची जाळीही धुतली, त्यात कापूस नव्हता पण मातीचा थर होता. पाऊस सुरू झाल्यावर शहाद्याकडून तोरणमाळ चढायचा विचार आहे, तेव्हाचे आकडे इथेच लिहीन.