किशोरांच्या कथांना कोकणात विषय कमी नाहीत

एका ताईंनी म्हटलंय की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत भूत आणि खजिना सोडून नवं फारसं येत नाही. मला पटतं, आणि आम्हां कोकणातल्यांना ते जास्तच मनाला लागतं. विषय दाराशी पडलेत हो!

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कातळात कोरलेली मनुष्याकृती आहे. तिच्यावर होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते, खडकातल्या चुंबकत्वामुळे. विज्ञानकथेची सुरुवात याहून चांगली कुठली? थरारकथा हवी तर बंदी असूनही रात्री एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी घ्या. बाप त्या बोटीवर खलाशी, मुलगी दहावीला, आणि तिला सगळं कळलेलं. प्रेमकथाही येऊ दे, त्यात लाजायचं काय?

लिहिणाऱ्यांना एकच विनंती: शेवटच्या पानावर आजोबांना आणून उपदेश करायला लावू नका. पोरं तिथंच पुस्तक मिटतात. पेच त्या मुलीलाच सोडवू दे, चुकली तरी चालेल. आणि तिच्या तोंडी पुस्तकी भाषा नको. मालवणातली असेल तर ती बापाशी मालवणीतच भांडेल.