ई-वे बिलाचं लॉगिन अडलंय : शील्ड ॲपचा कोड चूक दाखवायलंय

जिनिंग_मानवत
आमच्या जिनिंगच्या ऑफिसात ई-वे बिलासाठी (गाडीने माल पाठवायचं जीएसटीचं ऑनलाइन कागद) लॉगिनचा कोड देणारं एनआयसी-जीएसटी-शील्ड ॲप वापरतो. मोबाईल पूर्ण डिस्चार्ज होऊन बंद पडला होता. चालू केल्यापासून ॲपमधला सहा आकडी कोड टाकला की पोर्टल चुकीचा म्हणायलंय. त्याच मोबाईलवर ईमेलसाठी गुगल ऑथेंटिकेटर आहे, त्याचाही कोड चालंना. मोबाईलमधली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते, नेटही आहे. एसएमएसचा ओटीपी कधी येतो, कधी लई उशिरा. कोईमतूरला जाणारी गाठींची गाडी भरून उभी आहे. ॲप काढून परत टाकावं का?

मोबाईलवाला_परभणी
भाऊ, ॲप काढू नका. गुगल ऑथेंटिकेटर तर अजिबात नको. गुगल खात्याशी सिंक चालू नसेल तर आतल्या चाव्या, म्हणजे ज्यांवरून कोड निघतो ते गुप्त आकडे, कायमच्या जातील.

दोन वेगळ्या ॲपचे कोड एकाच वेळी बिघडले म्हणजे दोष मोबाईलच्या घड्याळात आहे. हे कोड नेटवरून येतच नाहीत. मोबाईल आणि सर्व्हर आपापल्या जागी घड्याळ बघून कोड काढतात आणि दर ३० सेकंदांनी तो बदलतो. म्हणून नेट असून फायदा नाही, नसून तोटा नाही. बरेचसे सर्व्हर मागचा-पुढचा एखादा कोड चालवून घेतात, त्यापलीकडे नाही. मिनिट-दोन मिनिटांचा फरकसुद्धा कोड चुकायला पुरतो.

'भिंतीशी जुळते' यातच खरी गोम आहे. ॲप पडद्यावरची वेळ बघत नाही, त्यातून टाइम झोन वजा करून जागतिक वेळ काढतं. आपला झोन साडेपाच तासांचा. समजा मोबाईलमध्ये ढाका, म्हणजे सहा तासांचा झोन बसलाय. मग नेटवर्कची वेळ अर्धा तास पुढे दिसते आणि कुणीतरी हाताने ती मागे घेतं. पडद्यावर ११:०० बरोबर दिसतात, पण मोबाईलच्या हिशेबात जागतिक वेळ ५:०० होते. खरी असते ५:३०. अर्धा तास म्हणजे ६० कोड मागे.

सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ उघडा. काही कंपन्यांच्या फोनात हे 'सिस्टम' किंवा 'अतिरिक्त सेटिंग्ज' खाली असतं. आपोआप वेळ आणि आपोआप टाइम झोन, दोन्ही बटणं चालू करा. झोन तरी चुकत असेल तर झोनचं बटण तेवढं बंद करून हाताने कोलकाता, जीएमटी +५:३० निवडा. वेळेचं बटण चालूच ठेवा. मग विमान मोड लावून काढा, म्हणजे फोन नेटवर्कवरून वेळ नव्याने घेतो. ब्राउझरमध्ये टाइम डॉट इज उघडलं की घड्याळ किती सेकंद चुकतंय ते कळतं. नंतर ॲप पूर्ण बंद करून उघडा आणि नवा कोड सुरू झाला की लगेच टाका. शेवटच्या पाच सेकंदांतला कोड टाइप होईपर्यंत शिळा होतो.

जिनिंग_मानवत
झोन खरंच ढाकाच निघाला, आणि आपोआप वेळेचं बटण बंद होतं. दोन्ही नीट केलं, ईमेल उघडला. शील्डचा कोड मात्र अजून घेत नाही. लॉगिन मुनीमजींच्या आयडीने करतोय, ॲप मालकांच्या मोबाईलवर आहे.

कर_सल्ला_सेलू
मग हा दुसरा दोष आहे, त्याचा घड्याळाशी संबंध नाही. मुनीमजींचा आयडी म्हणजे सब-यूजर, मुख्य खात्याखाली उघडलेला दुय्यम आयडी. मुख्य यूजर आणि प्रत्येक सब-यूजर यांचा कोड ज्याच्या-त्याच्या नोंदलेल्या मोबाईल नंबरावर बांधलेला असतो. मालकांच्या फोनवरचा कोड मालकांच्याच आयडीला चालेल. आत्ता मालकांच्या आयडीने लॉगिन करा आणि गाडी काढा.

नंतर मुनीमजींच्या फोनवर स्वतंत्र शील्ड बसवा. पोर्टलच्या मुख्य मेनूत टू-फॅक्टर ऑथेंटिकेशनखाली (पासवर्ड आणि वर कोड, अशी दुहेरी तपासणी) ॲपची लिंक आहे, तिथूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारी फाईल टाकू नका. नोंदणी त्यांच्या सब-यूजरला जोडलेल्या नंबरावरच करा. तो नंबर जुना असेल तर आधी मुख्य लॉगिनमधून बदलावा लागतो. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस दोन्हींना हीच दुहेरी तपासणी लागू आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून ती सगळ्यांनाच सक्तीची आहे. त्यामुळे एका फोनवर सगळं ऑफिस चालवायची सवय सोडाच. सीझनमध्ये मालक बाहेरगावी गेले की गेटवर गाड्यांची रांग लागते.

मालकही जवळ नसतील तर तुमच्या संमतीने ट्रान्सपोर्टरला त्याच्या लॉगिनवरून ई-वे बिल करता येतं. मात्र भाग ब मध्ये गाडीचा नंबर भरल्याशिवाय गाडी हलवू नका; नुसती भाग अ ची, म्हणजे मालाच्या तपशिलाची, पावती वाटेत चालत नाही.

एसएमएसला उशीर होतोय तो डीएनडीमुळे (जाहिरातींचे मेसेज अडवणारी सोय) नाही, डीएनडी ओटीपी अडवत नाही. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज कमी असते, बाहेर येऊन बघा. संदेस या सरकारी मेसेजिंग ॲपवरही हा ओटीपी घेता येतो.

मोबाईलवाला_परभणी
एक राहिलं. पूर्ण डिस्चार्ज झाल्यावर वेळ परत परत बिघडत असेल तर बॅटरी बदला. बहुतेक स्मार्टफोनात घड्याळाला वेगळा सेल नसतो, मुख्य बॅटरी मेली की घड्याळही अडतं.

फोनच बदलणार असाल तर जुना फोन लगेच रीसेट करू नका. फोन क्लोनने (जुन्या फोनातलं नव्यात उतरवायची सोय) गुगल ऑथेंटिकेटर नव्या फोनात येतं, पण आतली खाती येतीलच असं नाही. त्याच्या मेनूत खाती ट्रान्सफर करायचा पर्याय आहे. जुन्यावर क्यूआर काढा, नव्याने स्कॅन करा, एक कोड चालवून बघा, मगच जुना पुसा. गुगल खात्याचे आठ आकडी बॅकअप कोड एका वेळी १० मिळतात, ते छापून तिजोरीत ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. आणि एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसल्या तर नंतर स्कॅन केलेलीच सहसा खरी असते, कारण नवीन क्यूआर घेतला की जुनी चावी रद्द होते.

जिनिंग_मानवत
मालकांच्या आयडीने झालं, भाग ब भरला, गाडी निघाली. मुनीमजींचा जोडलेला नंबर जुना निघाला, तो बदलायला घेतलाय. दोघांचेही आभार.