एच-इंडेक्स: तुलना कोणाची कोणाशी?

केळीच्या विषाणूंवर काम करणाऱ्याचा एच-इंडेक्स कोविडवाल्यांच्या निम्माही नाही, म्हणजे काम सुमारच, असं इथल्या चर्चेत एका भाऊंनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. एच-इंडेक्स १५ म्हणजे त्या संशोधकाच्या निदान १५ लेखांना प्रत्येकी किमान १५ संदर्भ मिळालेत, म्हणजे इतर लेखांत त्यांचा तितक्या वेळा हवाला दिला गेलाय. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप मांडलं. पण संदर्भ देणार कोण? बहुतेक करून त्याच विषयात लिहिणारे. २०२० नंतर कोरोनावर सगळं जग लिहीत होतं. केळीच्या सीएमव्हीवर (कुकुंबर मोझॅक विषाणूवर) लिहिणारे मोजकेच.

आमच्या रावेर-यावलकडे या रोगापायी लोकांनी लावलेली रोपं उपटून फेकली. टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप निरोगी आहे का, मावा ही कीड हा विषाणू कुठल्या तणांवरून आणतो, हे शोधणाऱ्याचा उपयोग शेतकऱ्याला होतो, आणि शेतकरी काही संदर्भ देत नाही.

चांदीपुरा विषाणूच घ्या. १९६५ मध्ये नागपूरकडे तापाच्या रुग्णांत सापडला, १९६७ मध्ये लेख आला. २००३ मध्ये आंध्र-महाराष्ट्रात मुलं दगावली, तेव्हा ते जुनं काम पुन्हा कामी आलं. मधल्या वर्षांत संदर्भांचे आकडे मोजून त्याची किंमत कशी कळली असती?

एखाद्या संशोधकाचं काम तपासायचंच तर चार-पाच लेख उघडून वाचा. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ किती, विषाणूचा जनुकक्रम जेनबँकेत (जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहात) जमा केलाय का, ते बघा. आणि तुलना करायची तर सारख्याच विषयाशी, म्हणजे शहाद्याकडच्या पपईवर येणाऱ्या रिंगस्पॉट विषाणूच्या अभ्यासकांशी करा.