सिअर्स, बेसमेंटातलं पूल टेबल आणि आपले उमाळे

नेपरव्हिलची_नेत्रा

आपल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गटात फिरणारी ती पोस्ट सगळ्यांनी वाचली असेलच. सारांश असा की ऐंशीच्या दशकात शनिवारी अख्खं घर सिअर्स या भल्यामोठ्या डिपार्टमेंट स्टोअरला जायचं, रात्री बेसमेंटात पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलाभोवती जमायचं, म्हणून कुटुंबं टिकली. आता पोरं फोनमध्ये आणि दारात अ‍ॅमेझॉनची खोकी, त्यातच सिअर्सही गेलं. खाली बदामांचा पाऊस. मी दोन ओळी विरोधात लिहिल्या तर "तू नंतर आलीस, तुला नाही कळायचं" हे उत्तर. म्हणून इथे सविस्तर.

नंतर आले हे खरं. पण सासऱ्यांचं घर रिकामं करायचं काम माझ्याच वाट्याला आलंय. आठ फुटी टेबल, खाली तीन तुकड्यांची स्लेट, एकेक तुकडा उचलताना दोघांची कंबर मोडेल. कापडावर हळदीचा डाग. विकायला लावलं, मग फुकट लावलं, कुणी फिरकत नाही. उलट उचलून न्यायचे पैसे आपणच मोजायचे. आणि त्यावर खेळत कोण होतं? आठ फुटी टेबलाला साधारण साडेतेरा बाय सतरा फूट मोकळी जागा लागते, ती घेताना कुणी मोजली नाही. एका बाजूला लोखंडी खांब, दुसऱ्या बाजूला क्यू, म्हणजे खेळायची काठी, मागे नेला की थेट भिंतीत. त्यामुळे टेबलावर प्लायवूड, प्लायवूडवर चादर, चादरीवर पॉटलकची, म्हणजे ज्याने त्याने घरून करून आणलेली पातेली. एरवी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. त्या कोण घालत होतं ते पोस्टकर्त्याने घरात विचारावं.

शनिवारच्या सिअर्सचंही तेच. काकालोक क्राफ्ट्समन या सिअर्सच्याच हत्यारांच्या ब्रँडच्या पान्यांसमोर ध्यान लावून उभे, आणि काकू पोरांचे कोट, कूपनं, बदलून आणायचे बूट सांभाळत या मजल्यावरून त्या मजल्यावर. त्याला सहल म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि फोनमुळे सिअर्स गेलं हे तर धादांत खोटं. घरबसल्या माल मागवायचा मोठा कॅटलॉग त्यांनी स्वतः १९९३ साली बंद केला. अ‍ॅमेझॉन निघालं १९९४ ला! घरपोच माल पाठवायचा शंभरेक वर्षांचा अनुभव, १९८५ ला स्वतः काढलेलं डिस्कव्हर क्रेडिट कार्ड, आयबीएमबरोबरची प्रॉडिजी ही ऑनलाइन सेवा, सगळं हाताशी होतं. पुढे २००५ ला केमार्ट या दुसऱ्या दुकानसाखळीशी मोट बांधली, २०१५ ला मोक्याच्या जागा वेगळ्या कंपनीला विकल्या, २०१७ ला क्राफ्ट्समन हे नावच विकून टाकलं, २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरी. यात माझ्या पोरीच्या फोनचा काय दोष?

डेट्रॉइटचे_दादा

ताई, घड्यांचं ऑडिट झालं असेल तर आम्ही बोलू का?

मी ७९ साली आलो. एकाही बँकेने दारात उभं केलं नाही. पहिलं क्रेडिट कार्ड दिलं ते सिअर्सने. पहिला फ्रिज केनमोर, गाडीची पहिली बॅटरी डायहार्ड, दोन्ही सिअर्सचेच ब्रँड. काउंटरवरचा माणूस नाव विचारायचा, चुकीचं उच्चारायचा, पण विचारायचा.

आता टेबल. माझा मुलगा पंधरा-सोळाचा असताना घरात तोंड उघडायचा नाही. बेसमेंटात मात्र बोलायचा, कारण तिथे एकमेकांकडे बघावं लागत नाही, दोघांचे डोळे बॉलवर. इंजिनीअरिंग सोडायचंय हे त्याने आठ नंबरच्या बॉलवर नेम धरता धरता सांगितलं. जेवायच्या टेबलावर सांगितलं असतं तर मी ताट भिरकावलं असतं. तुमचं साडेतेरा बाय सतरा त्या दिवशी कुणी मोजत नव्हतं.

खडूस_कोथरूड

इथून वाचतोय, मजा येतेय. एवढी स्लेट वाहून नेण्यापेक्षा कॅरम का नाही नेला? भिंतीला टेकवून ठेवता येतो, घड्याही घालता येत नाहीत. आणि अमेरिकेचं कौतुक कशाला, स्नूकर आपल्याकडेच जन्मला. १८७५, जबलपूर, गोऱ्या अधिकाऱ्यांची मेस.

जर्सी_जहाल

जबलपूर कधीपासून कोथरुडात आलं?

अटलांटाकर

उमाळे काढणाऱ्यांना एक आठवण. दक्षिणेत वर्णभेदाच्या काळात गावातला दुकानदार कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचा, सगळ्यांत शेवटी माल द्यायचा. सिअर्सच्या कॅटलॉगात गिऱ्हाइकाचा रंग दिसत नव्हता, म्हणून त्या घरांमध्ये त्याची किंमत वेगळी होती. म्हणजे कित्येकांना सुख दुकानात *न जाण्यात* होतं. पोस्टकर्त्याच्या नेमकं उलट. असो, इथे कुणाला पडलंय, तुम्ही खांबाचं बोला.

जर्सी_जहाल

मालकांनी बुडवलं, मालकांनी बुडवलं. आपल्या लोकांनी काय दिवे लावले ते लिहू का? कॉलेजात असताना मी एका डिपार्टमेंट स्टोअरच्या रिटर्न काउंटरवर काम केलंय. बारशाचं शूटिंग करून सोमवारी कॅमकॉर्डर परत. भारतवारी करून आलेली सुटकेस परत, आत बडीशेप. टॅग बाहीत खोचून सबंध हिवाळा घातलेला कोट मार्चमध्ये परत, "साइज जमला नाही" म्हणून. पावतीवरचं आडनाव वाचलं की मान खाली जायची. समोरच्या काकू मात्र "अगं, तू आपल्यातली का!" म्हणून खूश.

एडिसन_एक्सप्रेस

आला, 'आपले लोक असेच'वाला राग आला. गोरे परत करत नव्हते? सुपरबोलच्या फुटबॉल मॅचसाठी टीव्ही नेऊन मंगळवारी परत आणणारे कोण, आपले काका? दुकानाचंच वचन होतं, समाधान नाही तर पैसे परत. डॉलर बारा रुपयांना होता तेव्हा आलेल्यांनी काटकसर केली तर लगेच चोर?

जर्सी_जहाल

काटकसर म्हणजे स्वस्त घेणं. वापरून परत देणं याला फुकटेपणा म्हणतात.

डेट्रॉइटचे_दादा

एक मिनिट. क्राफ्ट्समनच्या हातहत्यारांना आजन्म हमी होती. तुटका पाना द्या, नवा घ्या, पावतीही विचारत नसत. मी घेतलेत. तो हक्क होता, त्यात मला ओढू नका.

जर्सी_जहाल

दादा, तुमच्या पान्याबद्दल कोण बोलतंय? मी सुटकेसबद्दल बोलतेय. या असल्या गिऱ्हाइकांमुळेच मेन राज्यातल्या एल. एल. बीन या बूट-कपडेवाल्या कंपनीने २०१८ ला कधीही परत करा हे धोरण गुंडाळून एका वर्षावर आणलं.

खडूस_कोथरूड

मेनमधल्या बूटवाल्याला मराठी माणसाने जेरीस आणलं? मेनमध्ये मराठी माणसं किती, दोन? अभिमान वाटावा की लाज, काही कळेना.

नेपरव्हिलची_नेत्रा

धागा रिटर्न काउंटरवर गेलाय तर जाऊ दे. दादा, तुमच्या मुलाची गोष्ट पटली, नाही कशी म्हणू. पण ती एका बापाची आणि एका पोराची गोष्ट आहे, "कुटुंबं टिकली" याचा पुरावा नव्हे. घड्यांचं तर मी अजिबात मागे घेत नाही. आणि एक विचारू? तुम्हाला मुलगीही आहे ना, मागे लिहिलं होतंत. तिच्या हातात कधी क्यू दिलात?

डेट्रॉइटचे_दादा

मुलगी वर असायची. आईबरोबर, नाहीतर अभ्यासाला. डॉक्टर झाली. आता समाधान?

नेपरव्हिलची_नेत्रा

झालं. पूर्ण.

डेट्रॉइटचे_दादा

बरं बाई, तुमचं खरं. पूल टेबल हे पुरुषसत्तेचं पीठ, सिअर्स ही कामगार छावणी, आणि आम्ही तिथे चाळीस वर्षं सुखात होतो हा आमचा भ्रम. लिहून ठेवा.

अटलांटाकर

मी लिहिलेलं कुणी वाचलं का?

एडिसन_एक्सप्रेस

वाचलं. बरोबर आहे. पण आधी या जर्सीबाईंना उत्तर देऊ दे. तुम्हाला त्या दुकानात पगार मिळत होता ना? मग गिऱ्हाइकाची लाज तुम्ही का वाहायची? कॅमकॉर्डर चालू स्थितीत परत आला, दुकानाने तो पुन्हा विकला, कुणाचं काय गेलं?

जर्सी_जहाल

चालू स्थितीत तर होताच, वर कॅसेटही आतच होती! आम्ही मागच्या खोलीत लावून बघितली. पाळणा, पाच बायका, मागे निळा सोफा, आणि एक गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघून सांगतायत, "नीट धरा, सोमवारी परत द्यायचाय."

एडिसन_एक्सप्रेस

सोफा निळा होता?

जर्सी_जहाल

हो. का?

एडिसन_एक्सप्रेस

काही नाही. कुठल्या साली म्हणालात?