ब्रिजचा हंबकर सिरीजऐवजी पॅरलल करावा का? मोकळा टोन हवाय, हमिंग नको

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्नं, गणपती, गड्डा यात्रेच्या दिवसांतले कार्यक्रम, असं चालू असतं. गिटारला दोन हंबकर आहेत, म्हणजे दोन-दोन कॉइलचे पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग). अँप नाही, प्रोसेसरमधून थेट मिक्सरला. जुन्या हिंदी गाण्यांच्या ऱ्हिदमला ब्रिजचा हंबकर फार जाडा वाटतो. कीबोर्ड, ढोलकी अन् ऑक्टोपॅड सुरू झाले की माझे कॉर्ड त्यात बुडतात. ट्रेबल वाढवला तर नुसतं कर्कश होतं, मोकळं होत नाही.

कॉइल स्प्लिट, म्हणजे दोनपैकी एकच कॉइल चालू ठेवायची सोय, आधीच करून घेतलीय. टोन आवडला. पण घर पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. दिवसा स्प्लिट केलं की गिटारपेक्षा हमिंगच जास्त. मांडवात लायटिंगच्या डिमरजवळ उभं राहिलं तरी तीच गत.

दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या तर टोन पातळ होतो अन् हमिंगही येत नाही, असं वाचलं. आमचा दुरुस्तीवाला म्हणतो, "पिकअपची ताकद जाते, पैसे घालवू नका." मीटरवर सिरीजमध्ये ८.२ के (किलोओहम) दाखवतं, एका कॉइलला ४.१. म्हणजे पॅरललला २ के. मग आवाज चौथाई होणार का? पिकअपला चार रंगीत वायरी अन् एक उघडी आहे.

प्रतिसाद १

मीटरवरचा आकडा म्हणजे आवाज नव्हे. सिरीजमध्ये दोन्ही कॉइलचं व्होल्टेज एकमेकांत मिळवलं जातं, पॅरललमध्ये साधारण एका कॉइलइतकंच मिळतं. म्हणजे निम्मं, फार तर ६ डेसिबल कमी. चौथाई नाही. अहो, स्प्लिटचा आवाज तुम्हाला चालला ना? पॅरललचा जवळपास तेवढाच असतो.

टोन बदलतो तो इंडक्टन्समुळे, म्हणजे बदलत्या करंटला कॉइल जो विरोध करते त्यामुळे. सिरीजच्या मानाने पॅरललचा इंडक्टन्स एक चतुर्थांश. केबल तीच राहिली तर रेझोनन्सचा उंचवटा (ज्या फ्रिक्वेन्सीला पिकअप सगळ्यात जोरात बोलतो ती जागा) साधारण दुप्पट वर सरकतो. समजा सिरीजमध्ये ४.४ हेन्री आणि केबलचे ५०० पिकोफॅरड धरले, तर तो ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, पॅरललला ६.८. ट्रेबल वाढवून हा बदल मिळत नाही, कारण ट्रेबलने आहे तेच वर उचललं जातं. गिटार अँपचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळतो. तुम्ही थेट मिक्सरला जाता, म्हणजे ते सगळं ऐकू येणार. काचेसारखं टोचलं तर प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरची नक्कल) चालू करा.

हमिंगचं म्हणाल तर कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलेल्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे. त्यामुळे तारेचा सिग्नल मिळून येतो आणि बाहेरचं हमिंग एकमेकांना मारतं. सेथ लव्हर यांनी १९५५ साली गिब्सनसाठी पेटंटचा अर्ज केला तो याच कल्पनेचा. दोन्ही कॉइल चालू असल्या की झालं, सिरीज असो वा पॅरलल.

फक्त एक बघा: तारांना हात लावल्यावर खरखर कमी होत असेल, तर तो भाग शिल्डिंगचा (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) आहे, पॅरललने जाणार नाही. आणि मांडवात माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा, तिथलं अर्थिंग गेलंय.

धागाकर्ता

लई आभार! चौथाईची भीती गेली. आता जोडणी सांगा. वायरी काळी, पांढरी, लाल, हिरवी.

प्रतिसाद २

आधी पिकअप कोणत्या कंपनीचा ते बघा, रंग तेच पण अर्थ वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), पांढरी-लाल एकत्र, हिरवी ग्राउंड. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र. लोकल पिकअप असेल तर मीटर लावून जोड्या शोधा.

डंकनचे रंग धरून सांगतो. पुश-पुल पॉट म्हणजे ओढला-दाबला की आतला स्विच बदलणारा नॉब. त्याच्या स्विचच्या सहा टोकांपैकी मधल्या दोनांवर पांढरी आणि लाल. वरची दोन टोकं छोट्या वायरीने एकमेकांना जोडा, ही सिरीज. खाली पांढरीच्या बाजूचं टोक ग्राउंडला, लालच्या बाजूचं हॉटला. काळी कायम हॉटला, हिरवी आणि उघडी कायम ग्राउंडला. खालची दोन टोकं उलटी झाली तर दोन्ही कॉइल शॉर्ट होऊन आवाजच बंद. घाबरू नका, काही जळत नाही.

केबल लावून प्लगवर मोजा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा. सिरीजला ८.१ च्या आसपास दिसेल, ५०० के पॉट समांतर असल्यामुळे. पॅरललला २.

प्रतिसाद ३

याला जोडूनच विचारतो. माझ्या टेलिकास्टर गिटारमध्ये मधल्या पोझिशनला दोन्ही पिकअप पॅरलल आहेत, मला उलट सिरीज हवंय, सोलोला जाडी यावी म्हणून. चार पोझिशनचा स्विच मिळतो म्हणे. तोच लावला की झालं का?

प्रतिसाद २

स्विच तोच, पण आधी नेक पिकअपचं (गिटारच्या मानेजवळच्या) धातूचं झाकण बघा. बहुतेकदा ते पिकअपच्या ग्राउंड वायरीला आतूनच जोडलेलं असतं. नेक पिकअप सिरीजमध्ये वरच्या बाजूला आला की ती वायर ग्राउंडला राहत नाही, झाकण सिग्नलला लागतं आणि त्याला हात लावला की हमिंग येतं. ती जोडणी सोडवून झाकणाला वेगळी ग्राउंड वायर द्या. त्या पिकअपच्या कॉइलची तार केसापेक्षाही बारीक असते, सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर एवढं काम बाहेरून करून घ्या.