मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पी०७४१ कोड

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला, तर पी०७०० आणि पी०७४१ असे दोन कोड आले. पी०७०० म्हणजे नुसती वर्दी, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये बिघाड नोंदवलाय एवढंच. खरी तक्रार पी०७४१ची, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) क्लच नीट लॉक होत नाही. लक्षणंही तशीच आहेत: एकसारख्या वेगात आरपीएम चढाच राहतो. गिअर मात्र झटका न देता पडतात. मेकॅनिक थेट कन्व्हर्टर बदला म्हणतोय, मला ती घाई वाटते. आधी ऑइलची पातळी नि रंग, मग सोलेनॉइड (त्या क्लचकडे जाणारा ऑइलचा दाब सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि वायरिंग तपासायला नको का? स्कॅनरच्या लाइव्ह डेटात स्लिप आरपीएम (कन्व्हर्टरच्या इंजिनकडच्या आणि गिअरबॉक्सकडच्या फेऱ्यांतला फरक) पाहून दोष सोलेनॉइडचा की क्लचचा हे कळतं का? कोड पुसून चालवून पाहू, की तोवर गाडी उभीच ठेवू? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.