शब्दचर्चा: रीमिक्स, रीमास्टर, झंकार... सूचीत नेमके काय लिहायचे?

कोशकीटक, फोंडा

जुन्या कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी पॉप ध्वनिमुद्रणांची मराठी सूची करायची आहे. हाती आलेल्या कच्च्या यादीत ‘प्रकार’ या रकान्यात सगळीकडे एकच शब्द आहे: रीमिक्स. झंकार कॅसेट रीमिक्स, नव्या गायिकेने गायलेले जुने गाणे रीमिक्स, बीटल्सचा २०१७ चा संच रीमिक्स, हणजुणे किनाऱ्यावरच्या पार्टीतली कापाकापी केलेली कॅसेटही रीमिक्स. शब्दकोश ‘पुनर्मिश्रण’ देऊन मोकळा होतो. चारही गोष्टींना तो शब्द लावला तर वाचणाऱ्याला काय कळणार? प्रत्येकीला वेगळा शब्द हवा की नको, आणि हवा तर कोणता?

फीतवाला, पर्वरी

हवाच. शब्द ठरवायला एक प्रश्न पुरतो: नव्याने काम करणाऱ्याने कोणती फीत उघडली?

गाणे तबकडीवर येईपर्यंत तीन टप्पे होतात. आधी वाद्ये आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात, ही मल्टिट्रॅक फीत. मग ट्रॅकांची पातळी, जागा आणि घुमारा ठरवून दोन ट्रॅकवर (मोनो असेल तर एकावर) उतरवतात, ते मिश्रण. मग त्या तयार मिश्रणाचा एकूण आवाज आणि खर्ज-तार पट्टी बेतून छपाईला देतात, ते मास्टर.

मल्टिट्रॅक उघडून पातळ्या पुन्हा ठरवल्या तर तो खरा रीमिक्स. तयार मिश्रणाची फीत घेऊन फक्त शेवटचा टप्पा पुन्हा केला तर रीमास्टर. तयार मिश्रणावर वरून ताल चढवला तर झंकार. तयार मिश्रण कापून जोडले तर रीएडिट. आणि कोणतीच फीत न उघडता माणसे बसवून पुन्हा गाऊन घेतले तर ते सरळ नवे ध्वनिमुद्रण. टेलर स्विफ्टने २०२१ पासून आपले जुने अल्बम पुन्हा गाऊन काढले, ते या शेवटच्या खणात.

अर्थछटा, म्हापसा

मग ‘पुनर्मिश्रण’ऐवजी ‘फेरमिश्रण’ घ्या. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे आहे तेच पुन्हा छापणे. ‘फेर’ लागला की मूळ सामग्रीकडे परत जावे लागते: फेरमतमोजणीत मते तीच, पेट्या पुन्हा उघडतात, आकडा बदलू शकतो. रीमिक्समध्ये नेमके हेच घडते, गायन-वादन तेच, बेरीज नवी.

‘रीमास्टर’ मात्र तसाच ठेवावा. मराठीत मास्टर म्हटले की मास्तर आठवतो, गोव्यात मेस्त म्हटले की सुतार नाहीतर चर्चच्या शाळेतला संगीतशिक्षक. भाषांतर करायला गेलात तर वाचक सुतारकाम शोधत बसेल.

तबकडी, मडगाव

फीतवाला बाब, व्याख्या पटली. पण रसिक व्याख्या ऐकत नाही, गाणे ऐकतो. त्याच्या दृष्टीने ‘काहीतरी बदललेय’ एवढेच खरे. बदल कानाला कसा कळतो ते सांगा, म्हणजे सूची करणाऱ्यालाही वेष्टनावर विसंबावे लागणार नाही. वेष्टन बऱ्याचदा खोटे बोलते.

फीतवाला, पर्वरी

खोटे बोलते याचे उत्तम उदाहरण बीटल्सचा ‘रबर सोल’. १९६५ च्या स्टिरिओ मिश्रणात बहुतेक गाण्यांत आवाज उजवीकडे, वाद्ये डावीकडे. १९८७ च्या सीडीसाठी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी या अल्बमचे आणि ‘हेल्प!’चे फेरमिश्रण केले, टोकाला गेलेल्या गोष्टी थोड्या आत ओढल्या. २००९ च्या स्टिरिओ सीडीवर रीमास्टर लिहिले आहे, पण या दोन अल्बमांपुरते त्याखाली मार्टिन यांचेच फेरमिश्रण आहे. १९६५ चे मूळ स्टिरिओ २००९ च्याच मोनो संचातल्या सीडीवर मिळते. म्हणून सूचीत दोन वर्षे हवीत, मिश्रणाचे एक आणि मास्टरचे एक.

आता कानाने ओळखायचे कसे. सगळ्यात आधी आवाजाची पातळी सारखी करा. हे न करता केलेली प्रत्येक तुलना फुकट, कारण अर्धा-एक डेसिबल मोठे असलेले आपसूक ‘जास्त जिवंत’ वाटते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फायली घेऊन ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने −२३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आणा. मग पहिला ठोका जुळवून कधी ही, कधी ती असे अदलून-बदलून ऐका. नंतर फक्त डावा चॅनल, फक्त उजवा. एखादे वाद्य उजवीकडून मध्यावर आले असेल तर ते फेरमिश्रण, कारण रीमास्टर करणाऱ्याच्या हाती वाद्य हलवायची सोयच नसते. तो खर्ज वाढवेल तर सगळ्यांचा वाढेल. गाण्याचा शेवटही तपासा. विरत जाणारा शेवट पूर्वीपेक्षा लांबला, शेवटी न ऐकलेली ओळ किंवा ड्रमचा तुकडा निघाला, तर बहुधा मल्टिट्रॅक उघडली गेली आहे. शेवट आखूड झाला असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, रीमास्टरमध्येही कात्री चालते.

काही जण एका फाईलची ध्वनिलहर उलटी करून (वरची बाजू खाली, शेवटाकडून वाजवणे नव्हे) ती दुसरीत मिसळतात आणि काय उरते ते पाहतात. दोन्ही एकाच डिजिटल प्रतीवरून बनल्या असतील तरच हे चालते. फीत दोनदा वाजवली की वेगात किंचित फरक पडतोच. काही सेकंदांत फायली सरकतात, उरलेले घोंगावू लागते आणि माणूस म्हणतो, बघा किती बदललेय! एमपी३ किंवा यूट्यूबवरून उतरवलेल्या फायलींवर तर हा प्रयोग करूच नये.

तबकडी, मडगाव

आणि ‘नवीन वाद्य घातलेय’ ही हमखास तक्रार?

फीतवाला, पर्वरी

बहुधा घातलेले नसते, झाकलेले उघडे पडते. दोन आवाज एकाच जागी आणि जवळच्या पट्टीत असले की मोठा लहानाला गिळतो. गिटार आणि बेस दोन्ही डावीकडे कोंबलेले असतील तर बेसच्या वरच्या सुरांचा पत्ता लागत नाही. बेस मध्यावर आणला की तोच बेस, त्याच पातळीवर, बोटांच्या घासण्यासकट ऐकू येतो. वीस-तीस वर्षे ते गाणे ऐकणाऱ्याला मग बेसच ऐकू येत राहतो आणि आवडती गिटार मागे गेली असे वाटते, मोजली तर तेवढीच भरते.

आणखी एक, घरोघरी घडणारे. गाणे एकाच स्पीकरवर, म्हणजे मोनो करून वाजवले की मध्यावरचे सगळे बाजूच्यांपेक्षा साधारण ३ डेसिबलने पुढे येते. जुन्या, आवाज एका कडेला असलेल्या मिश्रणात गायक आणि वाद्ये दोन्ही कडेलाच, त्यामुळे मोनोत तोल टिकतो. नव्या मिश्रणात गायक मध्यावर आणि गिटारी कडेला असतील तर मोबाईलच्या एका स्पीकरवर गायक पुढे धावतो. उलट एकच इअरफोन कानात घालून १९६३ चा स्टिरिओ ऐकलात तर नुसते आवाज किंवा नुसती वाद्ये. बीटल्सचे पहिले दोन अल्बम दोन ट्रॅकवरच घेतलेले आहेत, एकावर गायन, दुसऱ्यावर बाकी सगळे. मोनो बनवताना तोल साधावा एवढ्यासाठी ती सोय होती.

कोशकीटक, फोंडा

२०१७ च्या ‘सार्जंट पेपर’ला मग नुसते फेरमिश्रण म्हणायचे? जुने चाहते त्याला ‘मोनोसारखा स्टिरिओ’ म्हणतात.

फीतवाला, पर्वरी

बरोबर म्हणतात. १९६७ मध्ये बँडने मन लावून केले ते मोनो, स्टिरिओ नंतर थोडक्या दिवसांत उरकला. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत स्टिरिओपेक्षा जवळपास अर्ध्या स्वराने वर आणि जलद आहे. स्टिरिओवर वाढलेल्यांना ते गाणे कायम जड आणि दुःखी वाटत आले. जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी २०१७ मध्ये मोनोचा वेग धरला. फेरमिश्रणाने भाव बदलला ही तक्रार या गाण्यापुरती अक्षरशः खरी, कारण पट्टीच बदलली.

तांत्रिक बाजू अशी की ट्रॅक चारच होते. चार भरले की ते दुसऱ्या यंत्रावर एका-दोन ट्रॅकवर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचे घ्यायचे. एकदा उतरवले की त्यातला ड्रम वेगळा हलवता येत नाही, शिवाय प्रत्येक प्रतीला फितीची खरखर वाढते. २०१७ मध्ये उतरवण्याआधीच्या फिती काढून संगणकावर एकमेकींशी जुळवल्या. म्हणून ड्रम मध्यावर आणता आले. ‘रिव्हॉल्व्हर’च्या २०२२ च्या फेरमिश्रणात तर एकाच ट्रॅकवर चिकटलेली वाद्ये सॉफ्टवेअरने सोडवली. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने बीटल्सवरच्या माहितीपटासाठी बनवलेले तंत्र ते.

अर्थछटा, म्हापसा

या सोडवण्याला ‘विमिश्रण’ नको, परीक्षेतला शब्द वाटतो. गुंता सोडवतात, दोरा उसवतात. ‘उसवण’ चांगला. उसवताना कापडाला भोके पडतात हेही त्यात आले.

फीतवाला, पर्वरी

भोके पडतातच. झांजेचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लहरतो, गायकाचा ‘स’ ड्रमच्या ट्रॅकमध्ये सांडतो, घुमारा कोणाचा हे यंत्राला ठरवता येत नाही म्हणून तो अर्धा इकडे अर्धा तिकडे जातो. सगळे पुन्हा एकत्र वाजवले तर कळत नाही. एक ट्रॅक ४-५ डेसिबलने हलवला की उघडे पडते. म्हणून उसवलेल्या मालावर हलका हात हवा. हौशी लोक आवाज पूर्ण बाजूला काढून त्याखाली नवे वाद्यवृंद घालतात, तिथे गायकाच्या मागे जुन्या ट्रंपेटचे भूत ऐकू येतेच.

तबकडी, मडगाव

आता आमच्या घरचे बोला. गायिका लोर्ना आणि संगीतकार क्रिस पेरी यांच्या काळातल्या कोंकणी ईपी (छोट्या तबकड्या) मोनोत ऐकायची सवय इथल्या कानांना आहे. ट्रंपेट-सॅक्सोफोन गायिकेला खेटून वाजतात, त्या दाटीतच मजा आहे. असल्या कांतारांचा, म्हणजे कोंकणी गाण्यांचा, ‘रीमिक्स’ म्हणून फिरणाऱ्या फायली म्हणजे दोनपैकी एक: तबकडीवरून उतरवून त्यावर ड्रम मशीन, नाहीतर उसवण. आणि ‘नाचोंया कुंपासार’ या २०१४ च्या चित्रपटातली गाणी तिसऱ्याच जातीची, ती नव्याने वाजवून घेतलेली. त्यांना कुणी रीमिक्स म्हटले की अंगावर येते.

मांडोवर ठोका चढवणारे वेगळेच. मांडो हे गोव्याचे पारंपरिक गीत सहा मात्रांचे, संथ, लय ओढत-सोडत गायचे. त्याला चार मात्रांचे लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तालाचा तुकडा) लावायचे तर प्रत्येक मात्रेला खूण ठोकून गाणे घड्याळावर आणावे लागते. आणले की ओढ गेली आणि नवरीमुलीच्या मिरवणुकीऐवजी पोलीस परेड सुरू झाली.

फीतवाला, पर्वरी

हिंदी झंकारचेही हेच दुखणे. जुन्या वाद्यवृंदासमोर मेट्रोनोम नसे, अंतऱ्याकडे जाताना लय किंचित चढते. मशीन चढत नाही. मुखड्यात जुळलेला ठोका दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत सुटतो, म्हणून हुशार लोक ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य हाताने वाजवत. नवा ताल मूळ फितीपेक्षा चकचकीत असल्याने ढोलक आणि बोंगो त्याखाली दडपले जात. खाजगी बसमध्ये इंजिनाच्या घरघरीतून मात्र तोच ताल पोचतो, तेव्हा त्यामागे काही हिशेब होता हेही मान्य केले पाहिजे.

कलमबहाद्दर, पणजी

‘कव्हर’ हा शब्द सूचीतून गाळू नका, त्याला कायद्याचा आधार आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने ३१सी कलम आले. पहिले ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपून पाच वर्षे होईपर्यंत या कलमाखाली कव्हर काढता येत नाही. दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वशुल्क भरावे लागते, आणि वेष्टनावर हे कव्हर आहे असे लिहून मूळ कलाकाराचे नाव-चित्र टाळावे लागते. मूळ मुद्रणच वापरणाऱ्या रीमिक्सला हे कलम लागू नाही, तिथे मुद्रणाच्या मालकाची परवानगी हवी. २००० नंतर नव्या आवाजात, नव्या तालावर आलेली जुनी हिंदी गाणी लोकांनी रीमिक्स म्हटली, ती बहुतांशी कव्हर.

कोशकीटक, फोंडा

हणजुणेच्या कॅसेटींचे राहिले.

तबकडी, मडगाव

रीएडिट लिहा. १९८० च्या दशकात तिथले डीजे इलेक्ट्रॉनिक पॉपच्या गाण्यांतला गायनाचा भाग कापून टाकत, नुसता वाद्यांचा भाग पुन्हा पुन्हा जोडत. दोन कॅसेट डेक आणि पॉजचे बटण, बस्स. मिश्रणाला कुणी हात लावला नव्हता. तरी ज्याने ते गाणे आधी किनाऱ्यावर ऐकले त्याला मूळ रेकॉर्डमधला गायक आगंतुक वाटतो. मराठीत ‘कापजोड’ चालेल.

अर्थछटा, म्हापसा

‘कापजोड’ मंजूर. तोंडात बसतो.

फीतवाला, पर्वरी

जाता जाता एक सूचना, सूचीत घरगुती मल्टिट्रॅक कॅसेटी येतील म्हणून. गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर अल्बम केले, त्याच काळात इतरांनीही अशी यंत्रे वापरली. अशी कॅसेट साध्या डेकवर लावली की दोन ट्रॅक सुलटे आणि दोन उलटे ऐकू येतात. पोर्टास्टुडिओ १४४ किंवा २४४ या चार ट्रॅकच्या यंत्रांवरची असेल तर वेगही अर्धा, कारण ती यंत्रे सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर फीत ओढतात, साधा डेक पावणेपाच. ऐकणारा ‘खराब झाली’ म्हणून फेकून देतो. फेकू नये, तीच फेरमिश्रणाची एकमेव मूळ फीत असू शकते. डीबीएक्स ही खरखर दाबण्याची यंत्रणा लावलेली असेल तर आवाज अति तीक्ष्ण आणि खरखरीत येतो, तो उलगडायला तोच डीबीएक्स हवा, ट्रेबल कमी करून भागत नाही.

पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, हेडवरून ती पुढच्या कॅसेटीत जाते. ती कॅसेट वेगळ्या डब्यात सिलिका जेलसोबत सुकवा, मग मास्क लावून ब्रशने झाडा. आत फितीमागची स्पंजची गादी गळून पडली असेल तर तारस्वर जातात. स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या रिकाम्या कवचात फीत हलवली की परत येतात. आणि रकान्यात लिहा: ‘मूळ मल्टिट्रॅक, चार ट्रॅक, एकाच दिशेने, मिश्रण झालेले नाही’.